‘३८ हजार घेतले, साहेबाचं नाव नाही’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. आम्ही केलेल्या तुमच्या वंशावळीच्या शोधाबद्दलचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. तक्रारी थोडक्यात अशा: ३८ हजार रुपये आणि नऊ महिने गेले, तरी आजोबांच्या आईचे वडील, म्हणजे घरात इंग्रज म्हणून सांगितले जाणारे खडकीचे ‘इल्सन साहेब’, कोण हे कळलं नाही. डीएनए चाचणीत आधी ४ टक्के युरोपीय अंश दाखवला, तोच पुढे १ टक्का झाला. डीएनए जुळणाऱ्यांच्या यादीत शंभर नातेवाईक दिसतात, पण त्यांतला एकही उपयोगाचा नाही म्हणून सांगितलं. वर आत्यांच्या डीएनए किटचे वेगळे पैसे मागितले. आणि अहवालाच्या शेवटी ‘सिद्ध नाही’. तुमच्या घराबद्दल तुम्ही इथे जेवढं लिहिलंत आणि फोटोत टाकलंत, तेवढ्याचाच उल्लेख करतो. बाकीचं फाइलमध्येच राहील.

आधी आमची चूक. अहवाल पाच आठवडे उशिरा दिला आणि मधल्या काळात फोनही केला नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे ४ चे १ का झाले, याचा खुलासा न करता नुसता नवा आकडा छापला. कोणीही चिडेल. तो खुलासा आता करतो.

तुमची लाळ तीच आणि तिच्यातून वाचलेला डेटाही तोच. बदलला तो चाचणी करणाऱ्या कंपनीचा संदर्भगट, म्हणजे ज्यांच्याशी तुमचा डीएनए ताडून बघतात ते नमुने. ‘युरोपीय ४ टक्के’ याचा अर्थ एवढाच की, तुमच्या डीएनएचे तेवढे तुकडे त्यांच्याकडच्या युरोपीय नमुन्यांशी सर्वांत जवळचे वाटले. संदर्भगटात भारतीय नमुने कमी असले, की आपल्याकडचे बरेच लहान तुकडे चुकीच्या खान्यात पडतात. नमुने वाढले की ते परत येतात. म्हणून एक-दोन टक्क्यांवर एरवी आम्ही कोणालाच विसंबू देत नाही.

पण तुमच्या बाबतीत त्या १ टक्क्यात अर्थ आहे, आणि तो तुम्ही टाकलेल्या गुणसूत्रांच्या फोटोतच दिसतो. जुन्या चित्रात निळे, म्हणजे युरोपीय, ठिपके सात-आठ गुणसूत्रांवर विखुरलेले आहेत. नव्या चित्रात ते सगळे गेले, पण चार नंबरच्या गुणसूत्रावरची लांब निळी पट्टी जागची हललेली नाही. ती साधारण ६० सेंटीमॉर्गनची आहे (सेंटीमॉर्गन म्हणजे डीएनएच्या तुकड्याची लांबी मोजायचं एकक). दोन्ही बाजूंचा मिळून माणसाचा डीएनए सुमारे ६,८०० सेंटीमॉर्गन धरतात, म्हणजे तुमचा १ टक्का ही एकटी पट्टीच आहे. दर पिढीत तुकडे तुटत जातात. हजारो वर्षांपूर्वीचा अंश चुऱ्यासारखा विखुरलेला असतो, एवढी सलग पट्टी अलीकडच्याच पूर्वजाकडून येते. तेव्हा घरात सांगत आलेल्या गोष्टीत तथ्य असावं, असं आम्हालाही वाटतं.

अडचण पुढे आहे. पणजीचे वडील पूर्ण इंग्रज असते, तर त्यांच्याकडून तुम्हाला सरासरी ६.२५ टक्के यायला हवेत: वडिलांकडून ५०, आजोबांकडून २५, पणजीकडून १२.५, तिच्या वडिलांकडून त्याच्या निम्मे. यात कमीजास्त होतं, पण १ पर्यंत घसरणं फार अवघड. तेच गृहस्थ जर स्वतः निम्मे युरोपीय असतील, तर अपेक्षा ३.१ टक्क्यांवर येते आणि तिथून १ हा आकडा बसू शकतो. त्यांच्याही आधीच्या पिढीतला कोणी असेल, तर आणखी सहज बसतो.

हे कळल्यावर शोधाची दिशाच बदलते. आम्ही पहिले चार महिने ‘खडकीचा साहेब’ म्हणजे लष्करी अधिकारी, असं धरून बॉम्बे आर्मी लिस्ट (तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांची छापील यादी) आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी चाळल्या. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या प्रती दरवर्षी लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन/३’ या क्रमांकाखाली आहेत. पुण्याच्या कॅम्पातलं सेंट मेरीज आणि खडकीचं ऑल सेंट्स इथल्या नोंदी त्यात सापडतात. कॅथलिक नोंदी मात्र तुटक आहेत, आणि गोऱ्या पलटणींत आयरिश कॅथलिक शिपाई पुष्कळ होते. शिवाय आई हिंदी, म्हणजे भारतीय, असेल तर तिचं नाव बऱ्याचदा गाळलेलं असतं, आणि मुलीचा बाप्तिस्माच झाला नसेल तर तिथे काहीच मिळणार नाही.

पण निम्मा युरोपीय, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ‘युरेशियन’ असलेला माणूस १८८० च्या सुमारास आर्मी लिस्टमध्ये सापडण्याची शक्यता कमी. कंपनी सरकारने १७९१ पासूनच हिंदी आईच्या मुलांना लष्करी अधिकारपदं बंद केली होती. नंतरच्या काळात ही मंडळी मुख्यतः रेल्वे, तारखातं, कस्टम अशा नोकऱ्यांत दिसतात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथला फोरमनही वस्तीतल्या लोकांना ‘साहेब’च. हे आम्हाला सहाव्या महिन्यात नव्हे, डीएनए हातात आला त्याच दिवशी सुचायला हवं होतं.

‘इल्सन’ हे नावही ऐकीव आहे. विल्सन, नेल्सन, एलिसन यांपैकी काहीही असू शकतं. एल्फिन्स्टनचा आपल्या कागदांत ‘अल्पिष्टन’ झाला, आणि मोडीत तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच नाही. एका इल्सनसाठी निदान सहा स्पेलिंगं शोधावी लागतात, आणि विल्सन तर प्रत्येक रजिस्टरात डझनांनी आहेत. त्यांतला एखादा सोयीचा विल्सन निवडून अहवालात छापला असता तर तुम्हाला नाव मिळालं असतं आणि आम्हाला पाच स्टार. पण ते नाव तुमच्या नातवंडांच्या वंशावळीत कायमचं जाऊन बसलं असतं. तसं आम्ही करणार नाही.

यादीतल्या शंभर नातेवाइकांबद्दल. पिढ्यानपिढ्या जातीतच लग्नं झाली की दोन अनोळखी माणसांतही ६०-७० सेंटीमॉर्गन सहज जुळतात, पण ते सात-आठ सेंटीमॉर्गनच्या तुकड्यांत विभागलेले असतात. बेरीज पाहिली तर तिसऱ्या पिढीचे चुलत वाटतात, प्रत्यक्षात नातं दहा ठिकाणांहून आलेलं आणि खूप लांबचं असतं. बेरीज सोडा, सगळ्यांत लांब तुकडा बघा. तुमच्या कामाचा माणूस तोच, जो चार नंबरच्या गुणसूत्रावर नेमक्या त्या पट्टीत जुळतो आणि ज्याचं घराणं ब्रिटन, आयर्लंड, गोवा किंवा इथल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांतलं आहे.

आत्यांची चाचणी याचसाठी. त्या तुमच्यापेक्षा एक पिढी वर आहेत, त्यामुळे त्या पूर्वजाचा अंश त्यांच्यात सरासरी दुप्पट असणार. तुमच्यापर्यंत न पोचलेल्या पट्ट्या त्यांच्याकडे असू शकतात, आणि प्रत्येक नवी पट्टी म्हणजे जुळणारा माणूस सापडण्याची नवी संधी. साहेबाच्या दुसऱ्या संसाराचे वंशज सापडले तरी नातं सावत्र, म्हणजे जुळणी निम्मी. इतक्या बारीक जुळणीत एक पिढी वरचं माणूस फार मोलाचं ठरतं. वाय-डीएनए चाचणी नको म्हणालो ते पैसे वाचवण्यासाठीच. ती फक्त बापाकडून मुलाकडे जाणारी रेघ दाखवते. तुमची रेघ पणजोबांकडे जाते, पणजीच्या वडिलांकडे नाही. पणजीला भाऊ असेल आणि त्याच्या मुलाच्या मुलाचा मुलगा आज हयात असेल, तर मात्र त्याची चाचणी सोन्यासारखी. तुम्ही दिलेला घाऱ्या डोळ्यांचा पुरावा आम्ही धरत नाही. इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासून कोकणात आणि देशावर घारे डोळे आहेत.

मराठी कागदांकडेही आपण दोघांनी कमी लक्ष दिलं. पणजींचा मृत्यू गावी झाला असेल तर जुना गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही बघायला हवी. त्याहून महत्त्वाच्या नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तीर्थश्राद्धात वडिलांच्या बाजूबरोबर मातामहाचं, म्हणजे आईच्या वडिलांचंही नाव घ्यावं लागतं. तुमच्या आजोबांनी श्राद्ध केलं असेल, तर त्यांना आईच्या वडिलांचं काहीतरी नाव सांगावंच लागलं असेल. वहीत ते उतरलंच असेल असं नाही. पण उतरलं असेल आणि नाव मराठी निघालं, तर पणजींना कोणीतरी सांभाळून, आपली मुलगी म्हणून लग्न लावून दिलं, हे कळेल, आणि त्या घराचा पत्ताही. उपाध्याय गाव-आडनावावरून ठरलेले असतात, त्यामुळे मूळ गावाचं नाव लागेल. ते तुम्ही अजून कळवलेलं नाही.

पैशांचं असं: तिसऱ्या टप्प्यातलं लंडनच्या कागदांच्या प्रती मागवण्याचं काम झालेलं नाही, त्याचे ९,००० रुपये या आठवड्यात तुमच्या खात्यात परत जमा करतो. आत्यांच्या किटचा खर्च आमचा. १ टक्क्याचा खुलासा चित्रासह जोडलेला सुधारित अहवाल पंधरा दिवसांत देतो.

आत्या तयार असतील तर एवढं सांभाळा: लाळ देण्याआधी अर्धा तास पाणी, चहा, पान-तंबाखू काही नको. फेस धरू नका, फेसाखालची लाळ खुणेपर्यंत यायला हवी, नाहीतर नमुना बाद होतो. वय झालेल्यांना तोंड कोरडं पडतं, गाल हलके चोळले की सुटते, घाई करू नका. आणि यातून घरातल्या कोणाला न आवडणारंही काही निघू शकतं, हे त्यांना आधी नीट समजावून सांगा. संमतीपत्रावर सही त्यांचीच लागेल, त्यांच्या वतीने तुमची चालणार नाही.