मधल्या सुट्टीत शिक्षक बसून नसतात

‘मधल्या सुट्टीत शिक्षक नुसते बसतात, ती दहा मिनिटांवर आणा, अभ्यास वाढेल’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. हे खरं नाही. पोषण आहाराची खिचडी मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखायची असते. मग नळावरची रांग, सांडलेलं ताट, कुणाचा खरचटलेला गुडघा. घंटा होते, आमचा डबा तसाच.

तासांचं म्हणाल, तर शिक्षण हक्क कायदा (२००९) पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास सांगतो, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. सुट्टी न कापता ते बसतात. शिक्षकाच्या आठवड्याच्या ४५ तासांत पाठाची तयारीही धरलेली आहे.

मैदानावरून घामाघूम होऊन आलेली पोरं पुढच्या तासाला पुन्हा कान देतात, हे मी रोज बघते.