‘एकही मत विकलं न गेलेलं गाव’: शाफ्ट्सबरीच्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या थोरल्या काकांनी घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. वर इंग्लंडमधल्या एका दगडी फरसबंदीच्या चढणीचा सुरेख फोटो, खाली जोडलेले हात आणि ‘प्रत्येक भारतीयाने वाचावे असे’. घरातल्या घरात ‘अगदी खरं’चा पाऊस पडला तेव्हा मी गप्प बसलो. मग तोच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि तिथे एका सद्गृहस्थांनी शेपूट जोडलं: ‘म्हणूनच अडाणी लोकांचा मताधिकार काढून घेतला पाहिजे.’ आता मात्र लिहायलाच हवं.

ज्यांच्यापर्यंत तो पोचलेला नाही त्यांच्यासाठी सारांश असा. शाफ्ट्सबरी हे इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातलं बाजाराचं लहानसं गाव. १२९५पासून तिथला प्रत्येक नागरिक मत देऊन दोन खासदार लंडनला पाठवत असे. शतकानुशतकांत तिथे एकही मत विकलं गेलं नाही. बालमजुरीविरुद्ध लढलेले लॉर्ड शाफ्ट्सबरी याच गावचे खासदार. १८३२च्या कायद्याने सगळ्या इंग्लंडला मताधिकार मिळाला, आणि १८८५मध्ये या गावाने मोठ्या शहरांसाठी आपली जागा आपणहून सोडली. शेवटी तात्पर्य: ही लोकशाही इंग्रजांनी आपल्याला आयती दिली, म्हणून आपल्याला तिची किंमत नाही आणि आपण पाचशे रुपयांत मत विकतो.

फोटो खरा आहे. ती चढण म्हणजे गोल्ड हिल, आणि ती शाफ्ट्सबरीतच आहे. १२९५ हे सालही बरोबर. युद्धासाठी पैसा हवा म्हणून पहिल्या एडवर्डने त्या वर्षी पार्लमेंट भरवलं आणि गावोगावचे दोन-दोन प्रतिनिधी बोलावले. शाफ्ट्सबरीच्या दोन जागा तेव्हापासून थेट १८३२पर्यंत टिकल्या, हेही मान्य.

पण ‘प्रत्येक नागरिक’? मत होतं ते गावात घर करून राहणाऱ्या आणि स्थानिक कर भरणाऱ्या पुरुषांना. अठराव्या शतकात असे मतदार भरत तीनशे-साडेतीनशे. बायका नाहीत, घरगडी नाहीत, गावाच्या दानधर्मावर जगणारे गरीब नाहीत. नाइलाजाने एक गोष्ट कबूल करतो: त्या काळच्या मानाने हा मताधिकार बराच सैल होता. चांभार, शिंपी, खाणावळवाले अशा लोकांनाही तिथे मत होतं. वीसेक मैलांवरच्या ओल्ड सेरममध्ये तर गावच उरलं नव्हतं. तिथे मूठभर मतदार ओसाड टेकाडावरून दोन खासदार निवडून देत. आणि ही जागा म्हणजे गावांना अभिमानाची गोष्ट होती, असंही समजू नका. प्रतिनिधीचा रोजचा दोन शिलिंग भत्ता गावाने भरायचा असे. डेव्हनमधल्या टॉरिंग्टन या तशाच बाजारगावाने १३६८मध्ये राजाकडे अर्ज करून प्रतिनिधी पाठवण्यातून सूट मिळवली होती.

आता ‘एकही मत विकलं गेलं नाही’. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने आख्ख्या इंग्लंडमधून नेमकं शाफ्ट्सबरीच कसं निवडलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

१७७४ची निवडणूक घ्या. रिंगणात तीन माणसं. फ्रान्सिस साइक्स ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. मुर्शिदाबादच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून राहून गडगंज झाला, आणि परतल्यावर त्याने इंग्लंडात मोठी जहागीर विकत घेतली. थॉमस रम्बोल्डही कंपनीचाच, बंगालमध्येच पैसा केलेला. अशा परतलेल्या धनाढ्यांना तिकडचे लोक कुचेष्टेने ‘नेबॉब’, म्हणजे नवाब म्हणत. तिसरा हान्स विन्थ्रॉप मॉर्टिमर. साइक्स आणि रम्बोल्ड निवडून आले. हरलेल्या मॉर्टिमरने पार्लमेंटकडे तक्रार केली, चौकशी समिती बसली आणि साक्षी झाल्या. सिल्व्हेस्टर डग्लस नावाच्या वकिलाने त्या सुमाराच्या निवडणूक खटल्यांचे अहवाल छापले, त्यांत हे प्रकरण सविस्तर आलंय. पुढे जो कोणी शाफ्ट्सबरीवर लिहितो तो तिथूनच उचलतो. मीही तेच करतोय.

तर पैसे वाटले कसे? गावातल्या एका घरात एक छोटी खोली. दाराला भोक. आत चित्रविचित्र सोंग घेऊन बसलेला एक माणूस, त्याचं नाव ‘पंच’; तिकडच्या जत्रेतल्या कळसूत्री खेळातलं नाकाड पात्र. मतदाराने दाराशी जायचं, भोकातून पुडी बाहेर येणार, पुडीत वीस गिनी. म्हणजे एकवीस पौंड, त्या भागातल्या शेतमजुराची जवळपास वर्षभराची कमाई. पुडी घेतली की त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत ‘पंचचा सेक्रेटरी’ बसलेला. त्याच्यापुढे वीस गिनींच्या कर्जाची चिठ्ठी सही करून द्यायची. कर्ज कोणाचं? ‘ग्लेनबकेट’ नावाच्या गृहस्थाचं. हा ग्लेनबकेट जन्मालाच आलेला नव्हता. लाच नव्हे, उसने पैसे, असं कागदावर दिसावं म्हणून रचलेलं नाव.

आणि पंच कोण? दोन साक्षीदारांनी शपथेवर सांगितलं की आम्ही भोकातून आत डोकावलो, आणि सोंगाखालचा माणूस ओळखला. तो गावचा आल्डरमन होता, म्हणजे नगरसभेतला प्रतिष्ठित माणूस. वाटपाचा सगळा कारभार गावच्या अशाच पंचायतवाल्यांच्या हातात होता.

काका, आपल्याकडे निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकिटं फिरतात, हे मी नाकारत नाही. पण मुखवटा घातलेला नगरसेवक, दाराला भोक, शेजारी सेक्रेटरी आणि नसलेल्या सावकाराच्या नावाने रोखे, इतका थाट आपल्याकडच्या कुठल्याही वॉर्डात झाल्याचं ऐकिवात नाही.

पुढे काय झालं ते आणखी बोलकं आहे. १७७५मध्ये साइक्स-रम्बोल्डची निवड रद्द झाली आणि मॉर्टिमरला जागा मिळाली. शिवाय त्याने साइक्सवर दिवाणी दावा लावला. लाचेच्या दर सिद्ध प्रकाराला ५०० पौंड दंड, असे बावीस प्रकार, एकूण ११,००० पौंड. ते त्याला १७७६मध्ये मंजूर झाले. कॉमन्स सभागृहाने दोघांवर फौजदारी खटला भरायचा ठराव केला, आणि मग तो ठराव गुपचूप मागे घेतला. गावाचा मताधिकार काढायची भाषाही झाली, ती हवेत विरली. आणि १७८०च्या निवडणुकीत शाफ्ट्सबरीने कोणाला निवडलं? त्याच साइक्सला आणि त्याच रम्बोल्डला! मधल्या काळात रम्बोल्ड मद्रासचा गव्हर्नर होऊन आला होता. पुढच्या वर्षी तक्रारीवरून त्याची जागा पुन्हा गेली आणि पुन्हा मॉर्टिमर आत आला.

इथे व्यवस्थेच्या बाजूने एक गोष्ट नोंदवतो, नाहीतर मीही फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्याच पंगतीला बसेन. १७७०च्या कायद्याने आलेल्या या निवडणूक समित्या आधीच्या पद्धतीपेक्षा खूपच चांगल्या होत्या. साक्षी शपथेवर झाल्या, दोन मातब्बरांची खासदारकी गेली, आणि शेजारच्याच हिंडन गावाच्या प्रकरणात तर बंगालच्या फौजेचा माजी सेनापती रिचर्ड स्मिथ तुरुंगातही गेला. पण समिती चांगली होती याचा अर्थ मत विकलं जात नव्हतं असा होत नाही. उलट समितीमुळेच ते उघड झालं.

बरं, हा पैसा आला कुठून? साइक्सची संपत्ती बंगालमध्ये कमावलेली. त्या निवडणुकीच्या चारच वर्षं आधी, १७७०मध्ये, बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडून लाखो माणसं मेली होती. शाफ्ट्सबरीचा पुढचा धनी तर आपल्या आणखी जवळचा. पॉल बेनफील्ड, मद्रासला कंपनीचा नोकर आणि अर्काटच्या नवाबाचा सावकार. १७७३मध्ये नवाबाने कंपनीच्या फौजेच्या जोरावर तंजावरचं मराठी राज्य घेतलं आणि तुळजाजी राजे भोसल्यांना पदच्युत केलं. १७७६मध्ये मद्रासचा गव्हर्नर पिगट याने त्यांना गादी परत दिली, तेव्हा बेनफील्ड पुढे आला: तंजावरचा महसूल आणि शेतात उभं असलेलं पीक नवाबाने मला कर्जापोटी लावून दिलंय. या भांडणात मद्रास कौन्सिलच्या बहुमताने गव्हर्नरलाच कैद केलं आणि तो कैदेतच मेला. त्याच्या जागी पाठवला गेला तो कोण? आपले रम्बोल्डसाहेब. आणि खासदार एडमंड बर्कने १७८५मध्ये भर सभागृहात ज्याचे वाभाडे काढले तो बेनफील्ड १७९३ ते १८०२ शाफ्ट्सबरीचा खासदार होता. कावेरीकाठच्या भातावर दावा सांगणारा हा माणूस, आणि फॉरवर्ड म्हणतंय या गावाकडून लोकशाही शिका.

ब्रिटनचा माजी पंतप्रधान थोरला विल्यम पिट याने १७७०मध्ये तक्रार केली होती की आशियाचा पैसा इकडे येऊन आमचं राजकारण नासवतोय. तो स्वतः पहिल्यांदा पार्लमेंटात गेला तो ओल्ड सेरममधून. ती जागा त्याच्या आजोबांनी विकत घेतलेली, आणि आजोबा भारताच्या व्यापारावर गबर झालेले, पुढे मद्रासचे गव्हर्नर. असो.

या नेबॉबांच्या आधी शाफ्ट्सबरी धुतल्या तांदळासारखी होती, असंही कोणी सांगू नये. कंपनीवाल्यांनी दर वाढवला, बाजार आधीपासूनच होता. नंतरही तो चालूच राहिला, फक्त ठोक भावाने. १८२०मध्ये अर्ल ग्रोव्हनर या लंडनच्या धनाढ्य जमीनदाराने गावातली घरं आणि जमीन लॉर्ड रोझबरीकडून एकगठ्ठा विकत घेतली. मतदार आता त्याचे भाडेकरू. मत द्यायचं ते तोंडी, चारचौघांत, वहीत नावानिशी नोंद होऊन. गुप्त मतदान इंग्लंडमध्ये आलं १८७२मध्ये. घरमालकाच्या माणसासमोर उभं राहून मालकाविरुद्ध मत द्यायला काय छाती लागत असेल!

बाकीचे मुद्दे झटपट.

बालमजुरीविरुद्ध लढलेले सातवे अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी थोर माणूस होते यात शंका नाही. मुंबईच्या गिरण्यांमधल्या मुलांचा प्रश्नही त्यांनी १८७९मध्ये लॉर्ड्स सभागृहात मांडला होता. पण ते या गावचे खासदार कधीच नव्हते. वुडस्टॉक, डॉर्चेस्टर, डॉर्सेट परगणा आणि बाथ, या त्यांच्या जागा. उमरावकीच्या नावात गाव आहे म्हणून खासदारकी त्या गावची होत नाही.

१८३२च्या कायद्याने ‘सगळ्या इंग्लंडला’ मत मिळालं नाही. त्यानंतरही इंग्लंडात साधारण पाचांतल्या एका प्रौढ पुरुषालाच मत होतं. बायकांना तर त्या कायद्यात ‘पुरुष’ असं स्पष्ट लिहून पहिल्यांदा लेखी बाहेर ठेवलं गेलं. शाफ्ट्सबरीला काही मिळण्याऐवजी तिची एक जागा गेली, आणि उरलेल्या एका जागेला पुरेसे मतदार व्हावेत म्हणून आजूबाजूची खेडी जोडावी लागली. ५६ गावांच्या तर सगळ्याच जागा गेल्या, त्यांत ओल्ड सेरम आणि हिंडन आले.

१८८५मध्ये जागा ‘आपणहून सोडली’ हे तर निव्वळ काव्य आहे. पंधरा हजारांहून कमी वस्तीच्या गावांचे वेगळे मतदारसंघ कायद्याने रद्द झाले, त्यांत शाफ्ट्सबरीही गेली. गाव नॉर्थ डॉर्सेटमध्ये मिसळलं आणि आजही तिथेच मत देतं. गावाला कोणी विचारलं नव्हतं.

राहिलं तात्पर्य, आणि सोसायटीतल्या सद्गृहस्थांचं शेपूट. प्रौढ मताधिकार इंग्रजांनी आपल्याला आयता दिला? १९२८मध्ये डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. त्याच वर्षी नेहरू अहवालाने मागितला, १९३१मध्ये कराचीच्या काँग्रेसने मागितला. १९३२मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या इंग्रज सरकारच्या लोथियन समितीने उत्तर दिलं, हे व्यवहार्य नाही. १९३५च्या कायद्यातही मत राहिलं ते मालमत्ता, कर आणि शिक्षण पाहूनच. म्हणजे सद्गृहस्थांना जे हवंय ते आपल्याकडे राबवून झालेलं आहे, इंग्रजांनीच राबवलं होतं. आणि वीस गिनींची पुडी घेणारे शाफ्ट्सबरीचे मतदार अडाणी भणंग नव्हते, कर भरणारे घरवाले होते. पुडी देणारा तर नगरसभेत बसणारा.

खुद्द ब्रिटनमध्ये बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं १९२८मध्ये. त्यानंतरही ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदवीधराला घरच्या मताशिवाय विद्यापीठाच्या जागेसाठी दुसरं मत होतं, आणि दुकान-कचेरीच्या मालकाला त्या जागेवरून जादा मत मिळू शकत होतं. ही दुहेरी मतं १९४८च्या कायद्याने रद्द झाली. एका माणसाला एकच मत अशी त्यांची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली २३ फेब्रुवारी १९५०ला. आपल्या राज्यघटनेचं प्रौढ मताधिकाराचं कलम ३२६ त्याच्या चार आठवडे आधी, २६ जानेवारीला, लागू झालेलं होतं.