स्वस्तातला कॅमेरा: घ्यावा कसा, वापरावा कसा, केबल हरवावी कशी

तुम्हाला खिशात मावेल असा स्वस्तातला डिजिटल कॅमेरा घ्यायचाय, हे ऐकून आनंद झाला. "हातात एवढा मोबाइल असताना कशाला?" असं घरात तिघांनी आणि ऑफिसात पाच जणांनी विचारून झालं असेलच. उत्तर देत बसू नका. उत्तर द्यायला गेलं की हिशेब मांडावा लागतो, आणि हिशेब मांडून कोणी कॅमेरा घेतल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

शिवाय काळही तुमच्या बाजूचा आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे बघा: २०१० साली १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, २०२३ मध्ये ७७ लाख. त्यातले भिंग न काढता येणारे, म्हणजे आपल्या जातकुळीतले, जेमतेम १७ लाख. धंदा बसला. आणि एखादी वस्तू बाजारातून उठली की ती हवीहवीशी वाटायला लागते, हे पितळी घंगाळाने केव्हाच दाखवून दिलंय. आजीने मोडीत घातलेलं घंगाळ आता हॉटेलच्या दारात झेंडूची फुलं घालून ठेवतात. माझी पुतणी कॉलेजात आहे, तिच्या फोनला पाठीमागे तीन कॅमेरे आहेत. गेल्या दिवाळीत मला म्हणाली, "काका, तुमच्याकडे तो जुना डिजिकॅम होता ना? फेकला तर नाहीत?" मी काही फेकत नाही. त्याबद्दल इतकी वर्षं घरात बोलणी खाल्ली, ती फळाला आली.

असो. दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न एकच विचारायचा: "किती मेगापिक्सेल?" दुसरा प्रश्न विचारू नका, दुकानदाराचा तुमच्यावरचा विश्वास उडेल. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. ४ बाय ६ ची झकास प्रिंट काढायला असे दोन मेगापिक्सेल पुरतात, घरच्या फुल एचडी टीव्हीवर फोटो दाखवायलाही तेवढेच लागतात. पण तुम्ही १२ चा सोडून १६ चा घ्या. १२ वरून १६ वर गेलं तर फोटोची रुंदी फक्त १५ टक्क्यांनी वाढते, हे कोणाला सांगू नका. सोसायटीत "सोळाचा आहे" म्हणताना आवाज जो वाढतो, तो १५ टक्क्यांच्या कितीतरी वर असतो.

हे ठिपके बसतात कुठे, तर सेन्सरवर. स्वस्त कॅमेऱ्यातला सेन्सर बहुधा १/२.३ इंची असतो. हा इंच तुमच्या-माझ्या फूटपट्टीवरचा नव्हे. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेची नळी असायची, तिच्या बाहेरच्या व्यासावरून ही मापं पडलीत. प्रत्यक्षात तो सुमारे ६ मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद असतो. तुरीच्या डाळीचा दाणा. त्या दाण्यावर एक कोटी साठ लाख ठिपके बसवणं म्हणजे सकाळची डोंबिवली फास्ट: सगळे चढतात, पण चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने टेकलेल्याच्या वाट्याला उजेड किती येणार? म्हणून दिवाणखान्यात, ट्यूबलाइटखाली फोटो काढला की त्यावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. कॅमेरा मग तो रवा स्वतःच पुसतो, आणि पुसता पुसता आत्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, भुवया आणि ओळख, तिन्ही पुसून टाकतो. लोणावळ्याला मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय आहे, तिथे तिकीट पडतं. आता बऱ्याच मोबाइलमध्येही यापेक्षा मोठा सेन्सर असतो, पण मोबाइल घ्यायला आपण आलेलो नाही.

आणखी स्वस्तात जायचंय? मग ऑनलाइन बघा. तीन-चार हजारांत, कधी न ऐकलेल्या नावाचा, गुलाबी रंगाचा, "४८ मेगापिक्सेल, १६ एक्स झूम" असा कॅमेरा मिळतो. सोबत दोरी, पाउच आणि कार्ड फुकट. आत सेन्सर असतो बहुधा पाच किंवा आठ मेगापिक्सेलचा. उरलेले ठिपके कॅमेरा मनाने भरतो, गणपतीच्या वर्गणीच्या पावतीबुकात शेवटच्या दिवशी नावं भरतात तसे. आणि झूम डिजिटल, म्हणजे भिंग जागचं हलत नाही, मधला तुकडा कापून ताणला जातो. १६ पट ताणायचं तर रुंदीचा सोळावा आणि उंचीचाही सोळावा हिस्सा उरतो. आठ मेगापिक्सेलला २५६ ने भागा. उरतात ३१,२५० ठिपके.

हा आकडा वाया घालवू नका. १९७५ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला, कोडॅकमध्ये, स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, फोटो काळा-पांढरा, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. त्यात ठिपके होते १०,०००. म्हणजे पन्नास वर्षांनंतर, पूर्ण झूम करून, तुम्ही सॅसनच्या तिप्पट पुढे गेलात! आणि कोडॅक? २०१२ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. आता ते पिवळं नाव भाड्याने घेऊन दुसरीच कंपनी स्वस्त कॅमेरे विकते. ते बरे असतात असं म्हणतात, निदान झूम तरी खरा असतो. म्हणून तर मी सुचवत नाहीये.

बॅटरीचा प्रश्न असा आहे की पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा सोयीचा. सेल कुठेही मिळतात. माझा पहिला कॅमेरा असाच होता, २००६ मध्ये घेतलेला, पाच मेगापिक्सेल, तीन एक्स झूम. सिंहगडावर चढून गेलो, पुणे दरवाजापाशी सगळे ओळीने उभे केले, बटण दाबलं, भिंग झुईं करून बाहेर आलं आणि पडद्यावर लाल बॅटरी लुकलुकायला लागली. पिठलं-भाकरीच्या टपरीवर सेल मिळाले. भिंतीवरच्या घड्याळाचे, दोन रुपये स्वस्त. नवे सेल घातले. भिंग पुन्हा बाहेर आलं, अर्ध्यात थांबलं आणि कॅमेरा मेला, चोच वासलेल्या चिमणीसारखा. घड्याळाला वर्षभर पुरणारा सेल कॅमेऱ्याला चार फोटोही पुरत नाही, कारण भिंगाची मोटर आणि फ्लॅश एका दमात जेवढी वीज ओढतात तेवढी त्या बिचाऱ्याला देता येत नाही. चार्ज करायचे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल घेतले तर शेकडो फोटो निघतात. पण मग टपरीवाल्याशी ओळख कशी होणार? त्या दिवशी आम्ही फोटो न काढता तीन वेळा दही खाल्लं.

सेल काढून ठेवले की काही दिवसांत कॅमेरा तारीख विसरतो. पुन्हा चालू केला की विचारतो, आज काय? आपण घाईत असतो, बारसं चालू असतं, पाळणा हलत असतो. ओके, ओके, ओके दाबायचं. "फोटोवर तारीख छापा" हे मात्र न विसरता चालू ठेवायचं. आमच्या या कॉलेजातल्या पुतणीचं बारसं २००७ मधलं. अल्बममधल्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात केशरी आकड्यांत ०१/०१/२००५ आहे. तिच्या आईवडिलांचं लग्न २००५ च्या मे महिन्यात झालं. कार्यालयाची पावती दाखवली तरी जुन्या शेजारीण बाईंचा अजून विश्वास नाही.

आता वापर. शटरच्या बटणाला दोन पायऱ्या असतात. अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस धरतो, हिरवा चौकोन दिसतो. मग तसंच पुढे दाबलं की फोटो. ही गोष्ट कंपन्यांनी अशा ठिकाणी दडवून ठेवली आहे जिथे कोणाची नजर जात नाही: माहितीपुस्तिकेच्या सुरुवातीच्या पानांवर. तुम्ही मात्र बटण एका दणक्यात दाबा, दारावरची बेल दाबतो तसं. कॅमेरा हलेल, फोकस मागच्या कॅलेंडरवर जाईल, आणि कालनिर्णयवरची संकष्टी लख्ख वाचता येईल. पुढची माणसं धुक्यात.

फ्लॅशबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण याच एका गोष्टीसाठी पुतणीच्या पिढीला जुने कॅमेरे हवे आहेत. मोबाइलमध्ये टॉर्चसारखा दिवा असतो. या डब्यांत झेनॉन वायूचा खरा फ्लॅश असतो, सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापेक्षाही कमी वेळात उडतो आणि नाचणारा माणूस हवेत गोठवून ठेवतो. चेहरे पांढरे, मागे काळोख. आम्ही ज्याला बिघडलेला फोटो म्हणायचो त्याला आता "व्हाइब" म्हणतात. पोच मात्र तीन मीटरची. तरीही वानखेडेवर वरच्या मजल्यावरून फ्लॅश मारायचाच. खेळपट्टी शंभरएक मीटर लांब राहते, पण पुढच्या रांगेतल्या काकांचं टक्कल असं उजळून निघतं की तोच सामना वाटावा.

लग्नात फ्लॅश मारताना "रेड आय रिडक्शन" चालू ठेवा. डोळ्याच्या बाहुलीतून आत गेलेला उजेड मागच्या रक्ताळ पडद्यावरून परततो आणि नवरदेव वेताळासारखा दिसतो; ते टाळायला कॅमेरा आधी एक छोटा लखलखाट करतो, बाहुल्या आकसल्या की मग खरा फोटो काढतो. मधे सेकंदभर जातो. त्या सेकंदात काय होतं ते मी पन्नास लग्नांत पाहिलंय. पहिला लखलखाट झाला की मावशी "झाला!" म्हणतात, पोटं सुटतात, नवरी पदर सारखा करायला वाकते, कोणीतरी जेवायच्या रांगेकडे वळतं. "अहो, अजून नाही झाला!" हे वाक्य तोंडातून निघेपर्यंत झालेला असतो. आमच्या घरचे सगळे ग्रुप फोटो पंगत उठताना काढल्यासारखे आहेत. डोळे मात्र एकाचेही लाल नाहीत.

पावसात आणि विसर्जनाच्या मिरवणुकीतही फ्लॅश हवाच. फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असल्याने समोरचे थेंब आणि गुलालाचे कण उजळतात आणि फोटोभर गोल गोल पांढऱ्या चकत्या उमटतात. हरिश्चंद्रगडाच्या एका फोटोत अशा अकरा चकत्या आल्या होत्या. ते आत्मे नसून थेंब आहेत असं म्हणालो, तेव्हापासून आमच्या ग्रुपमधले दोघं मला नास्तिक समजतात.

समुद्रावर न्यायलाच पाहिजे. माझा दुसरा कॅमेरा, २०११ चा, गुहागरच्या वाळूत तीन सेकंदच पडला होता. फुंकर मारली, उचलला, चालू केला. भिंगाच्या नळ्या एकीत एक सरकतात, त्यांच्या फटीत वाळूचा एक कण पुरतो. कर्र आवाज आला, पडद्यावर लेन्स एररचा संदेश आला आणि अजूनही येतो. दुरुस्तीवाल्याने सांगितलेल्या पैशांत नवा आला असता. प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत ठेवला असता तर वाचला असता, पण पिशवीत त्या दिवशी खाजा होता.

घरी आल्यावर कॅमेरा चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात, साड्यांच्या मागे, चार पावसाळे ठेवून द्या. चामडं ओल धरतं, भिंगावर बुरशीची सुंदर जाळी धरते. खोक्यातली ती ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी "खाऊ नये" असं लिहिलेलं वाचून आधीच फेकली असेल, अशी खात्री आहे.

तर पुतणीने तो २००६ चा डबा नेला. बुरशी थोडीच होती, "सॉफ्ट लुक येतो" म्हणाली. तिने हौसेने ६४ जीबीचं कार्ड आणलं. कॅमेऱ्याने ते कार्ड मानायलाच नकार दिला, कारण त्या काळचे बरेच कॅमेरे दोन जीबीच्या वरचं कार्ड ओळखत नाहीत. शेवटी माझ्याच ड्रॉवरमधलं ५१२ एमबीचं निघालं. गणपतीत तिने घरभर फोटो काढले, मोदक वळणाऱ्या आजीचे, आरतीला उशिरा आलेल्या माझे. खरं सांगतो, छान होते. मग ते ग्रुपवर टाकायची वेळ आली. केबल नव्हती. तिच्या लॅपटॉपला कार्डाची खाच नव्हती. मी तीन ड्रॉवर उपसले, सतरा केबली निघाल्या, त्यातली एकही त्या भोकात जाईना.

तिने शांतपणे मोबाइल काढला, कॅमेऱ्याच्या पावणेदोन इंची पडद्याचा फोटो घेतला, कडेचा माझा अंगठा कापून टाकला आणि ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत आत्याचं उत्तर आलं: "अगं किती सुरेख आलाय! कुठला मोबाइल घेतलास?"