हॅश जुळला नाही म्हणजे सुटलो, असं नसतं
सर्व्हरवर धोकादायक फाईल्स आहेत का हे हॅशने (फाईलच्या मजकुरावरून काढलेल्या ठशासारख्या आकड्याने) कसं तपासायचं, यावरचा एक लेख वाचला. 'यादीतल्या एकाही हॅशशी जुळलं नाही तर सर्व्हर क्लीन' हे त्यातलं वाक्य काही पटलं नाही. डिसेंबर २०२१ ला लॉगफोरजेचं (जावा ॲप्समध्ये नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत मोठं भगदाड सापडल्याचं) प्रकरण झालं तेव्हा आम्हीही हेच केलं, सगळ्या जार फाईल्सचे (जावा कोडच्या गाठोड्यांचे) शा-२५६ प्रकारचे हॅश काढले, धोकादायक व्हर्जन्सच्या यादीशी ताडले, एकही मॅच नाही, म्हटलं चला झोपा आता. नंतर कळलं एका ॲपच्या फॅट जारमध्ये (ॲप आणि त्याच्या सगळ्या लायब्रऱ्या एकत्र असलेल्या जारमध्ये) लॉगफोरजेचे क्लासेस, म्हणजे कोडचे तुकडे, सुटे करून कोंबलेत, मग अख्ख्या फाईलचा हॅश कुठून जुळणार! एक बाईट इकडचा तिकडे झाला तरी हॅश पार बदलतो.

आणि गंमत म्हणजे ज्या जारमधून आम्हीच जेएनडीआय लुकअपचा क्लास (भगदाड ज्यात होतं तो भाग) काढून टाकला होता तीही 'अनोळखी'च दिसत होती. शेवटी जार उघडून आतल्या एकेक क्लास फाईलचा हॅश काढला तेव्हा ते लपलेलं लॉगफोरजे सापडलं, तेही बिल्ड करणाऱ्याने पॅकेजची (क्लासेसच्या गटांची) नावं बदलली नव्हती म्हणून, नाहीतर क्लासचाही हॅश बदलला असता.