'मेंदूचा पेसमेकर' आणि लकवा: फिरत्या संदेशाला उत्तर

सध्या सोलापुरात मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे. लकवा मारलेल्या कोणाच्याही मेंदूत 'पेसमेकर' बसवला की लुळा हात पूर्ववत होतो आणि मग गोळ्या किंवा फिजिओथेरपी लागत नाही, असा त्याचा दावा आहे. आधारासाठी अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकचा दाखला दिला आहे. यंत्रमागावर किंवा विडीवर पोट असलेल्या घरातली माणसे अशा आशेवर दागिने मोडायला निघतात, म्हणून हा संदेश तपासायला हवा.

लुळा हात पूर्ववत होतो, हे पहिले विधान मुळातच चुकीचे आहे. संदेशातला 'पेसमेकर' म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन हा उपचार; त्यात मेंदूच्या खोल भागात बारीक इलेक्ट्रोड बसवून छातीच्या त्वचेखालील बॅटरीतून विद्युत स्पंदने दिली जातात. १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे मेंदूचे शल्यचिकित्सक बेनाबिद यांनी कंपावर सुरू केलेला हा उपचार आज मुख्यतः पार्किन्सन, कंप आणि डिस्टोनिया (स्नायू आपोआप पिळवटण्याचा विकार) यांसाठी वापरतात. लकव्यात ताकद जाते, ती मेंदूचा आदेश खाली नेणारे तंतू निकामी झाल्यामुळे, आणि ते तंतू या स्पंदनांनी पुन्हा जोडले जात नाहीत. मात्र स्ट्रोकनंतर, म्हणजे लकव्याच्या झटक्यानंतर, थोड्या रुग्णांत वेगळाच त्रास उद्भवतो: हात आपोआप फेकला जातो, पंजा पिळवटतो किंवा जोराचा कंप सुटतो, आणि हे कधी कधी अनेक महिन्यांनी सुरू होते. या शस्त्रक्रियेचा विचार होतो तो अशा रुग्णांसाठी, आणि तोही इतर उपाय थकल्यावर. हात फेकला जाण्याचा त्रास पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप किंवा औषधांनी ओसरतो, तर पिळवटलेल्या पंजाला स्नायू सैल करणाऱ्या बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनाने आराम पडू शकतो. (मधुमेहात साखर फार वाढल्यानेही हात असाच उडू लागतो, तेव्हा साखर आधी तपासावी.)

'कोणालाही' हा शब्दही खोटा आहे. स्ट्रोकनंतरच्या अशा हालचालींवरील या शस्त्रक्रियेचा पुरावा प्रामुख्याने एकेका रुग्णाच्या नोंदी आणि छोटे गट एवढाच आहे, आणि शस्त्रक्रियेत मेंदूत रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो.

क्लीव्हलँडचा प्रयोग खरा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्राथमिक चाचणीत हाताची ताकद गेलेल्या १२ रुग्णांच्या लहान मेंदूत इलेक्ट्रोड बसवले होते आणि बहुतेकांत सुधारणा दिसली. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, शिवाय स्पंदनांसोबत पुनर्वसनाचे व्यायामही चालू होते, त्यामुळे या प्रयोगाच्या नावावर फिजिओथेरपी सोडायला सांगणे म्हणजे त्यातला अर्धा उपचारच गाळणे होय.

सर्वांत घातक विधान गोळ्यांचे आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या दुसरा झटका टाळण्यासाठी असतात, आणि ते काम मेंदूतील कोणतेही यंत्र करत नाही. संदेश वाचून कोणी त्या थांबवल्या असतील, तर त्यांनी आजच आपल्या डॉक्टरांना तसे कळवावे.