‘डॉट-एम-टू उडवा, एक्लिप्स नव्याने टाका’ या सल्ल्याचा प्रतिवाद

अंतिम वर्षाच्या प्रकल्पांची घाई सुरू झाली की नागपुरातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश फिरू लागतो आणि हिंगणा रोडवरच्या वसतिगृहांपासून मिहानमध्ये नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींपर्यंत पोहोचतो. त्याचा आशय असा: जावाचा प्रोजेक्ट एक्लिप्स या कोड लिहिण्याच्या साधनात इम्पोर्ट होत नसेल किंवा इम्पोर्टनंतर एररच्या लाल फुल्या दिसत असतील, तर एक्लिप्स बिघडले आहे असे समजावे; ते काढून नव्याने टाकावे, वर्कस्पेसमधील (एक्लिप्सच्या कामाच्या फोल्डरमधील) डॉट-मेटाडेटा हा फोल्डर आणि युजर फोल्डरमधील डॉट-एम-टू हा मेव्हन या प्रोजेक्ट बांधणाऱ्या साधनाचा फोल्डर डिलीट करावा, सर्वांत नवा जेडीके (जावाचा कम्पायलरसह येणारा साधनसंच) बसवावा आणि तरीही प्लगइनची एरर आली तर ती ‘इग्नोर’ करावी. यातील एखादी पायरी कोणाच्या तरी उपयोगी पडली असेल, हे मी नाकारत नाही. परंतु सरसकट उपाय म्हणून हा सल्ला चुकीचा आहे, कारण दोष कोठे आहे हे कळण्याआधीच तो त्याचा पुरावा पुसतो आणि पुष्कळदा नवा दोष पदरात टाकतो.

पहिला दावा, एक्लिप्स बिघडले आहे. हे तपासण्याचा मार्ग सोपा आहे: प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कमांड लाइन उघडून मेव्हनने तोच प्रोजेक्ट कम्पाइल करून पाहावा. तेथेही तीच एरर आली, तर दोष पॉम फाइलमध्ये (मेव्हनला प्रोजेक्टविषयी सूचना देणाऱ्या फाइलमध्ये), नेटवर्कमध्ये किंवा जेडीकेमध्ये आहे आणि एक्लिप्स कितीही वेळा टाकले तरी तो जाणार नाही. तेथे सारे सुरळीत झाले आणि फुल्या केवळ एक्लिप्समध्ये राहिल्या, तरच एक्लिप्सच्या सेटिंगकडे वळावे. इम्पोर्टच्या यादीत प्रोजेक्टच दिसत नाही, ही तक्रार तर बहुधा चुकीचा पर्याय निवडल्यामुळे येते. ‘एक्झिस्टिंग प्रोजेक्ट्स इन्टू वर्कस्पेस’ हा पर्याय डॉट-प्रोजेक्ट नावाची फाइल शोधतो आणि गिटवरून (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनावरून) घेतलेल्या प्रोजेक्टमध्ये ती अनेकदा मुद्दाम वगळलेली असते. अशा वेळी ‘एक्झिस्टिंग मेव्हन प्रोजेक्ट्स’ निवडावे. तो पर्याय पॉम फाइल शोधतो.

पुन्हा इन्स्टॉल करण्याने होणारे एक नुकसान लोम्बोक (गेटर-सेटर, म्हणजे किंमत वाचणाऱ्या व बदलणाऱ्या मेथड, आपोआप तयार करणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावे. एक्लिप्समध्ये लोम्बोक नेहमीच्या प्लगइनसारखे बसत नाही. त्याची जार फाइल (जावाच्या कोडचे पॅकेज) चालवल्यावर ती एक्लिप्स डॉट आयएनआय या फाइलमध्ये जावा-एजंटची एक ओळ घालते. नव्या एक्लिप्समध्ये ती ओळ नसते. त्यामुळे काल चालणाऱ्या प्रोजेक्टमध्येही प्रत्येक गेटर आणि सेटर ‘अनडिफाइन्ड’ ठरतो, आणि संदेश पाळणाऱ्याला वाटते की बिघाड आणखी खोल गेला.

दुसरा दावा, डॉट-मेटाडेटा डिलीट करावे. त्याने सोर्स कोड जात नाही, हे खरे. परंतु प्रोजेक्टची यादी, रन कॉन्फिगरेशन, टॉमकॅट या सर्व्हरची जोडणी आणि सर्व प्रेफरन्सेस जातात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे लोकल हिस्टरी (फाइलच्या जुन्या आवृत्त्यांची नोंद) जाते. गिट न वापरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी, चुकून पुसलेला कोड परत मिळवण्याची ती बहुधा एकमेव जागा असते. शिवाय एररची नोंद ज्या लॉग फाइलमध्ये असते ती याच फोल्डरमध्ये असते. वर्कस्पेसवर शंका असेल, तर दुसरे रिकामे वर्कस्पेस उघडून त्यात प्रोजेक्ट इम्पोर्ट करावा. शंकेचे निरसन होते आणि जुने काही हलत नाही.

तिसरा दावा, डॉट-एम-टू डिलीट करावे. या संदेशातील सर्वांत हानिकारक ओळ हीच आहे. त्या फोल्डरमध्ये केवळ डाउनलोड झालेल्या जार नसतात. सेटिंग्ज डॉट एक्सएमएल ही फाइलही तेथेच असते. ज्या महाविद्यालयाच्या लॅबमध्ये इंटरनेट प्रॉक्सीमधून (मध्यस्थ सर्व्हरमधून) येते, तेथे त्या प्रॉक्सीचा पत्ता याच फाइलमध्ये लिहिलेला असतो. फोल्डरबरोबर ती फाइल गेली की मेव्हनला बाहेरचा मार्गच उरत नाही, आणि आधी एखादीच डिपेन्डन्सी (प्रोजेक्टला लागणारी लायब्ररी) अडली असेल तर आता एकही उतरत नाही. कोणी एखादी जार हाताने लोकल रिपॉझिटरीत (याच फोल्डरमधील जारच्या साठ्यात) बसवली असेल, तर तीही जाते आणि ती आपोआप परत येत नाही. वसतिगृहात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला बाकी सर्व डिपेन्डन्सी नव्याने उतरवण्याचा भुर्दंड पडतो तो वेगळाच.

वास्तविक अडचण बहुधा एका जारपुरती असते. डाउनलोड मध्येच फसले, तर मेव्हन ‘लास्टअपडेटेड’ या शेवटाची एक छोटी फाइल ठेवतो आणि काही काळ पुन्हा प्रयत्नच करत नाही. त्यासाठी एक्लिप्समध्ये ‘अपडेट प्रोजेक्ट’च्या चौकटीत ‘फोर्स अपडेट’ची खूण करावी किंवा कमांड लाइनवर कॅपिटल यू (-U) हा पर्याय द्यावा. जार अर्धवट उतरली असेल तर एररमध्ये तिचे नाव येते. तेवढाच उपफोल्डर काढावा. जुन्या पॉम फाइलमध्ये रिपॉझिटरीचा पत्ता एचटीटीपीने सुरू होत असेल, तर फोल्डर किती वेळा रिकामा केला यावर काहीच अवलंबून नाही: मेव्हन सेंट्रलने (मेव्हनच्या मुख्य ऑनलाइन साठ्याने) १५ जानेवारी २०२० पासून साधे एचटीटीपी बंद केले आहे आणि मेव्हन ३.८.१ पासून असे बाहेरचे पत्ते मुळातच अडवले जातात. तेथे पत्ताच एचटीटीपीएस करावा लागतो.

चौथा दावा, सर्वांत नवा जेडीके बसवावा. येथे तीन वेगवेगळे जावा एकत्र मिसळले जातात: एक्लिप्स ज्यावर चालते तो, प्रोजेक्ट ज्यावर कम्पाइल होतो तो, आणि कमांड लाइनवरील मेव्हन जावा-होम या सेटिंगमधून उचलतो तो. २०२२-०९ या आवृत्तीपासून एक्लिप्सला चालण्यासाठी जावा १७ लागतो, परंतु म्हणून जावा ८ चा प्रोजेक्टही १७ वर न्यावा असे होत नाही. जावा ११ मधून जॅक्सबीसारखे (एक्सएमएल हाताळणारे) भाग काढून टाकले गेले, त्यामुळे त्यांवर विसंबलेला जुना कोड नव्या जेडीकेवर डिपेन्डन्सी वेगळी दिल्याशिवाय कम्पाइल होत नाही. जावा १६ आणि १७ मध्ये जेडीकेचे अंतर्गत भाग बाहेरून वापरणे बंद झाले आणि लोम्बोकच्या जुन्या आवृत्त्या त्यावर अडखळल्या. पॉममध्ये कम्पायलरची आवृत्ती लिहिलेली नसेल आणि कम्पायलर प्लगइन जुने असेल, तर ते सोर्स १.५ गृहीत धरते, आणि नवा जेडीके ते सरळ नाकारतो.

याउलट ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ अशी एरर आली, तर तिच्यातील आकडाच उत्तर देतो: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७ आणि ६५ म्हणजे २१. ज्या जावावर प्रोग्राम चालतो त्याच्यापेक्षा क्लास नव्या जावावर कम्पाइल झाला आहे, एवढेच ती एरर सांगते. ग्रेडल (मेव्हनसारखेच दुसरे साधन) वापरणाऱ्यांसाठीही मर्यादा ठरलेली आहे. जावा १७ वर ग्रेडल चालवायचे तर किमान ७.३ आणि जावा २१ वर किमान ८.५ ही आवृत्ती लागते.

शेवटचा दावा, प्लगइनची एरर ‘इग्नोर’ करावी. ‘प्लगइन एक्झिक्यूशन नॉट कव्हर्ड बाय लाइफसायकल कॉन्फिगरेशन’ ही एरर मेव्हनचे एखादे प्लगइन एक्लिप्सच्या आत चालवावे की नाही, हे एक्लिप्सला ठाऊक नसल्याचे सांगते. ते प्लगइन केवळ पॅकेजिंगच्या वेळी उपयोगी पडत असेल, तर इग्नोर करण्यात काहीच गैर नाही. परंतु ते कोड निर्माण करणारे असेल, तर इग्नोर केल्यावर एक्लिप्स तो कोड निर्माण करत नाही आणि त्या क्लासेसचा उल्लेख असलेल्या प्रत्येक ओळीवर फुली येते. अशा वेळी त्या प्लगइनचा एक्लिप्ससाठीचा कनेक्टर उपलब्ध असल्यास तो बसवावा. नसल्यास कमांड लाइनवर ‘जनरेट-सोर्सेस’ हा टप्पा चालवून टार्गेट फोल्डरमधील ‘जनरेटेड-सोर्सेस’ खाली तयार झालेला फोल्डर बिल्ड पाथमध्ये सोर्स म्हणून जोडावा.