प्राधान्य असूनही पॅकेट थांबतं ते का?

नमस्कार. राउटरमध्ये आवाजाच्या (कॉलच्या) पॅकेटांना, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांना, डेटाच्या आधी सोडण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. पॅकेट पॉयसाँ पद्धतीने, म्हणजे एकमेकांशी संबंध नसताना ठरावीक सरासरी दराने, येतात हे गृहीतक १९९४ मध्येच मोडीत निघालं, म्हणून माझं सगळं गणित निरुपयोगी. आणि प्राधान्य दिलंय, तर आवाजाच्या पॅकेटला थांबावंच का लागावं?

दुसरा आधी घेतो, कारण तिथे तुमची गल्लत होतेय. सेकंदाला १० मेगाबिट वाहून नेणारी लिंक घ्या. १५०० बाइटचं डेटा पॅकेट पूर्ण बाहेर पडायला १.२ मिलिसेकंद लागतात, २०० बाइटच्या आवाजाच्या पॅकेटला ०.१६. डेटाचं पॅकेट निम्मं गेलेलं असताना आवाजाचं आलं, तर राउटर सहसा चालू पॅकेट मध्येच तोडत नाही. ते संपेपर्यंत थांबणं आलंच. आवाजाचा भार (लिंकचा जेवढा वेळ त्यात जातो तो) २० टक्के आणि डेटाचा ७० धरला, तर प्राधान्याच्या रांगांसाठीच्या, पॉयसाँ गृहीत धरणाऱ्या कोबमच्या १९५४ च्या सूत्राने आवाजाची सरासरी प्रतीक्षा ०.५४५ मिलिसेकंद येते, डेटाची ५.४५. प्राधान्य नसतं, तर दोघांनाही ४.३६.

आता पॉयसाँ. लेलँड, टाक्कू, विलिंजर आणि विल्सन या संशोधकांनी इथरनेटवरची (स्थानिक संगणक जाळ्यावरची) वाहतूक मोजून दाखवलं, की मोजमापाचा काळ वाढवला तरी तिचे चढउतार सपाट होत नाहीत. हे मी लेखात लिहायला हवं होतं. डेटा असा लोंढ्याने आला, तर ५.४५ हा आकडा फारच आशावादी ठरतो. इथे तुमचं म्हणणं पूर्ण मान्य.

पण त्यामुळे सगळंच गणित कोसळत नाही. डेटाचा कितीही मोठा लोंढा येऊ द्या, आवाजाच्या पॅकेटला त्यातलं फार तर एकच पॅकेट आडवं येतं: १.२ मिलिसेकंद, त्याहून जास्त नाही. बाकी प्रतीक्षा पुढे उभ्या असलेल्या आवाजाच्याच पॅकेटांची. या मर्यादेला पॉयसाँ लागतच नाही. तसंच, काम असताना लिंक रिकामी बसत नसेल, तर कोणत्याही क्षणी तुंबलेलं एकूण काम क्रम बदलल्याने तसूभरही कमीजास्त होत नाही. आवाजाचा वाचलेला वेळ डेटाच्या माथी पडतो. वरच्या आकड्यांत भार गुणिले प्रतीक्षा यांची बेरीज करून बघा: ०.२ × ०.५४५ अधिक ०.७ × ५.४५, म्हणजे ३.९२४. प्राधान्याविना एकाच रांगेत ०.९ × ४.३६, तेही ३.९२४!

मला खरी काळजी वेगळीच वाटते. आवाजाच्या रांगेवर मर्यादा घातली नाही आणि कुणी भलतीच वाहतूक तिच्यात घुसवली, तर डेटा उपाशी मरतो. लेखात त्यावर एकच ओळ होती, ती आज वाढवली. ५.४५ च्या आकड्याखाली तुमच्या आक्षेपाची टीपही जोडली आहे.